पेटण्याआधीचा पाचोळा

महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. जाळरेषा साफ करून जाळून ठेवणे, हंगामी अग्निरक्षक नेमणे, ब्लोअर दुरुस्त करून घेणे ही कामे त्याआधीच उरकावी लागतात. मग वाट पाहणे सुरू होते. दुपारी कधीतरी वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो: अमुक अक्षांश, अमुक रेखांश, तुमच्या बीटात आग दिसली आहे. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेने २००४ पासून उपग्रहाला दिसलेल्या आगींची सूचना राज्यांना द्यायला सुरुवात केली. आता नाव नोंदवलेल्या कुणालाही ती थेट मिळते. आपल्यासारख्या देशात ही फार मोठी सोय आहे. पण हा संदेश येतो तेव्हा आग लागून गेलेली असते. हे पुस्तक त्याच्या आधीच्या संदेशाबद्दल आहे: उद्या, परवा, येत्या आठवड्यात कोणते जंगल पेटण्याच्या बेतात आहे, आणि पेटलेच तर आग किती वेगाने पळेल.

या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. उपग्रहाच्या मदतीने वणव्याचा अंदाज, असा मथळा असतो आणि बातमी वाचल्यावर कळते की उपग्रहाने लागलेली आग टिपली, एवढेच. आग टिपण्याचे शास्त्र आता चांगले मुरले आहे. धोका वर्तवण्याचे शास्त्र आपल्याकडे अजून कोवळे आहे. त्याचे कारण आकाशात शोधू नये, ते जमिनीवर आहे, असे माझे ठाम मत आहे. या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेच मांडायचे आहे.

आग दिसते कशी, हे आधी सांगायला हवे, कारण धोक्याच्या अंदाजाची बरीचशी सामग्री याच नोंदींतून येते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे उष्णतेच्या लहरी बाहेर टाकत असते. वस्तू जितकी तापलेली तितक्या या लहरी आखूड. २७ अंश सेल्सियसची जमीन सर्वाधिक ऊर्जा १० मायक्रोमीटरच्या आसपास सोडते, तर सातशे अंशांच्या पुढची ज्वाळा ३ मायक्रोमीटरच्या आसपास. म्हणून उपग्रहावरचे उपकरण एकाच जागेकडे दोन तरंगलांबींत पाहते. ४ मायक्रोमीटरला ज्वाळा साध्या जमिनीच्या सुमारे साडेचार हजार पट उजळ असते, ११ मायक्रोमीटरला जेमतेम तीसेक पट. त्यामुळे एक चौरस किलोमीटरच्या चौकटीत केवळ दहा गुंठे जागा पेटलेली असली, तरी पहिल्या मोजणीत ती चौकट ठळकपणे उठून दिसते आणि दुसऱ्या मोजणीत जवळपास शेजारच्या चौकटींसारखीच राहते. दोन्हींतल्या फरकावरून चौकटीचा किती भाग पेटला आहे हेही काढता येते. ती रीत जेफ डोझियर यांनी १९८१ मध्ये मांडली. १९९९ चा टेरा आणि २००२ चा अ‍ॅक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस उपकरणाची चौकट एक किलोमीटरची होती. २०११ मध्ये सुओमी एनपीपीवर गेलेल्या व्हीआयआयआरएसची चौकट ३७५ मीटरवर आली, आणि पूर्वी निसटणाऱ्या कितीतरी लहान आगी दिसू लागल्या.

तरीही निसटायचे ते निसटतेच. हा उपग्रह एका जागेवरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. अडीचला लागलेली, गवतातून धावून दिवेलागणीला विझलेली आग त्याच्या हिशेबी घडलीच नाही. आपले इन्सॅट मालिकेतले हवामान-उपग्रह दर अर्ध्या तासाला पाहतात, पण छत्तीस हजार किलोमीटरवरून. त्यांची उष्णतेची चौकट चार किलोमीटरची, तिच्यात लहान आग विरून जाते. उलट बाजूही आहे. विदर्भात शेतकरी उन्हाळ्यात धुरे जाळतात, वीटभट्ट्या पेटलेल्या असतात, कोळशाच्या पट्ट्यात जमीनच तापलेली असते. शिवाय एकच मोठा वणवा चार दिवस चालला तर त्याचे शंभर ठिपके पडतात. ‘राज्यात इतके हजार वणवे’ हा दरवर्षीचा आकडा ठिपक्यांचा असतो. तो वणव्यांचा म्हणून छापला जातो, आणि त्यावरून एखाद्या वनविभागाला शाबासकी किंवा दूषण मिळते. हे थांबायला हवे.

आता धोक्याकडे येऊ. धोक्याचा अंदाज हा मुळात ओलाव्याचा हिशेब आहे. गच्चीवर वाळवण घालणाऱ्या कुणालाही त्याचे तत्त्व ठाऊक असते: पापड एका उन्हात कडकडीत होतो, सांडग्याला तीन-चार उन्हे लागतात, आणि एखादी सर आली तर आधी भिजणारा पापडच पुन्हा आधी वाळतो. जंगलाच्या जमिनीवरही हेच चालते. गवताची काडी नि सुटे पान तासाभरात हवेशी जुळवून घेते, बोटाएवढ्या काटकीला दहाएक तास लागतात, मनगटाएवढ्या फांदीला चारेक दिवस, आणि मांडीएवढ्या ओंडक्याला चाळीसएक दिवस. पहाटे हवा २० अंशांवर आणि आर्द्रता ८० टक्के असताना सुक्या काडीत तिच्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी असते. दुपारी ४० अंश आणि १५ टक्के आर्द्रता झाली की तेच ४ टक्क्यांच्याही खाली जाते. सकाळी आठला काडी लावूनही न पेटणारे जंगल दुपारी दोनला विडीच्या थोटकाने का पेटते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

हा हिशेब पहिल्यांदा चिकाटीने मांडला तो कॅनडात. १९२५ मध्ये जेम्स राइट यांनी पेटावावाच्या पाइनच्या जंगलात हवामानाबरोबर पाचोळ्याचा ओलावाही रोज मोजायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो छोट्या चाचणी-आगी लावून पाहिल्या: किती ओलावा असताना काडी विझते, किती असताना आग पसरते. या साऱ्या नोंदींवर उभा राहिलेला वणवा-हवामान निर्देशांक १९७० मध्ये वापरात आला आणि सी. ई. व्हॅन वॅगनर यांनी त्याला आजचे रूप दिले. त्याला रोज दुपारी बाराचे चारच आकडे लागतात: तापमान, आर्द्रता, वारा आणि गेल्या चोवीस तासांतला पाऊस. त्यातून आधी ओलाव्याचे तीन आकडे निघतात. पहिला वरच्या बारीक पाचोळ्याचा, जो दिवसभरातच बदलतो. दुसरा त्याखालच्या अर्धवट कुजलेल्या थराचा, ज्याला बाराएक दिवस लागतात. तिसरा खोल, घट्ट थराचा, ज्याची आठवण बावन्न दिवसांची असते. कालचा आकडा आजच्या गणितात येतो, आजचा उद्याच्या. म्हणून एक दिवस जरी खाडा झाला तरी पुढचे आकडे लंगडे होतात. या तिघांत वारा मिसळला की आग किती पसरेल, किती तापेल, याचा अंतिम अंक मिळतो. युरोपपासून आग्नेय आशियापर्यंत हाच निर्देशांक थोड्याफार फरकाने चालतो आणि भारतीय वन सर्वेक्षण संस्थेची धोक्याची पूर्वसूचनाही याच चौकटीवर उभी आहे.

अडचण इथेच आहे. तो दुसरा आणि तिसरा थर कॅनडाच्या थंडीत वर्षानुवर्षे साचतो. गडचिरोलीच्या साग-ऐन-धावड्याच्या जंगलात तो असतो कुठे? वाळवी आणि मृगापासूनचा पाऊस मागच्या वर्षीचा पाला पुरता खाऊन टाकतात. आपल्याकडे जळते ते बहुतांशी यंदाचे पान, आणि तेही डिसेंबरपासून थोडे थोडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम गळालेले. म्हणजे इंधन सुकते आहे आणि त्याच वेळी वाढतेही आहे. कॅनडाच्या गणिताला या गळतीची कल्पना नाही. ऑस्ट्रेलियालाही असाच धडा मिळाला होता. अ‍ॅलन मॅकआर्थर यांच्या निर्देशांकात १९३९ च्या भीषण वणव्यांचा दिवस म्हणजे १०० अशी मोजपट्टी धरली होती. ७ फेब्रुवारी २००९ ला व्हिक्टोरिया राज्यात आकडा त्याच्याही पुष्कळ वर गेला, १७३ माणसे गेली, आणि मोजपट्टीला वरची एक श्रेणी नव्याने जोडावी लागली. २०२२ पासून तर त्यांनी निलगिरीच्या जंगलाला वेगळे, गवताळ माळाला वेगळे असे आठ प्रकारच्या इंधनांचे वेगवेगळे हिशेब धरले. कोणताही निर्देशांक ज्या जंगलात तोलला गेला त्या जंगलाचा असतो. दुसरीकडे नेताना तो पुन्हा तोलावा लागतो.

मग उपग्रहाचे काम काय? पुष्कळ आहे, फक्त सगळे नजरेत भरणारे नाही. सर्वांत मोठे काम तर कुणी मोजतच नाही: उद्याचे तापमान आणि वारा सांगणाऱ्या हवामान-प्रारूपांत आज जाणाऱ्या नोंदींतला फार मोठा वाटा उपग्रहांचा आहे. पाच दिवसांपुढचा धोका सांगता येतो तो त्याच्या जोरावर. दुसरे काम पावसाचे. भामरागडसारख्या भागात पर्जन्यमापके विरळ असतात. एका डोंगरावर अवकाळी सर पडते आणि पलीकडचा पाचोळा कोरडाच राहतो. अशा जागी उपग्रहांवरून काढलेला पावसाचा अंदाज, उणिवांसकट, उपयोगी पडतो. तिसरे काम हिरवेपणाचे. पान लाल प्रकाश शोषते आणि जवळचा अवरक्त परतवते. या दोहोंतला फरक त्यांच्या बेरजेने भागला की हरितता निर्देशांक मिळतो. तो उतरला की जंगल सुकले, असे सर्रास समजले जाते. सदाहरित जंगलात ते बरेचसे खरेही आहे. पानझडीत मात्र निर्देशांक उतरला याचा पहिला अर्थ एवढाच की पान झाडावरून जमिनीवर आले. ते जमिनीवर किती ओले आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी २०१५ पासून फिरणाऱ्या सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहांचे लघुलहरी अवरक्त पट्टे बघावे लागतात, कारण पाणी तिथला प्रकाश शोषते. पण तेही वरून दिसणाऱ्या पानाचेच पाणी सांगतात. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसारच्या रडारकडून मला मोठी आशा आहे: त्याच्या लांब लहरी ढगातून आणि विरळ छतातूनही खाली पोहोचतात आणि दर बारा दिवसांनी तीच जागा पुन्हा पाहतात. तरी बारा दिवस म्हणजे बारा दिवस. पाचोळा तासात बदलतो.

आणि हे सगळे जुळून आले तरी आकडा सांगतो ती जंगलाची तयारी. ठिणगी माणसाच्या हातात असते. कॅनडात विजेने लागणाऱ्या आगी प्रचंड क्षेत्र जाळतात. आपल्याकडे जवळपास सगळ्या आगी माणसाने लावलेल्या किंवा माणसाच्या हातून लागलेल्या. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे टपटप पडतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला जाळून जमीन मोकळी करतात, आणि विस्तव पुरता विझवायचा राहून जातो. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. जळालेल्या झुडपाला कोवळी, विडीला चालणारी पाने येतात, म्हणून त्याआधी तेंदूचे पट्टे पेटवले जातात. सह्याद्रीच्या उतारांवर गवत चांगले फुटावे म्हणून काडी लागते. म्हणजे वणव्याला त्याचे स्वतःचे पंचांग आहे आणि ते गावनिहाय बदलते. धोक्याच्या गणितात हवामानाइतकेच ते घालायला हवे: या पट्ट्यात मोह कधी टपटपायला लागला, तेंदूचे युनिट कुणी घेतले, ठेकेदार बाहेरचा की ग्रामसभाच व्यवहार करते. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणेच बंद केले, कारण त्यासाठी झुडपे छाटावी लागतात आणि आगी लागतात. ती माणसे बांबूवर उभी राहिली. असा एक निर्णय त्या जंगलातल्या ठिणगीची शक्यता बदलून टाकतो आणि कोणत्याही उपग्रहाला तो दिसत नाही.

यंत्राला शिकवून वणव्याचा अंदाज काढण्याचे निबंध आता ढिगाने येतात. ‘९९ टक्के अचूक’ असे त्यांत लिहिलेले असते. वाचकाने इथे थोडे थांबावे. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्र १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या एकेक किलोमीटरच्या चौकटी केल्या आणि समजा एका दिवशी पंधरा चौकटींत आग लागली. आता डोळे मिटून ‘आज कुठेच आग लागणार नाही’ असे सांगणारा माणूस ९९.९ टक्के अचूक ठरतो, आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचे असते ते हे: लागलेल्या पंधरांपैकी किती आधी सांगितल्या, आणि त्या सांगण्यासाठी किती चौकटींत उगाच माणसे पळवली. दुसरी गफलत अधिक बारीक आहे. एकाच वणव्याचे शेजारशेजारचे ठिपके काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले तर परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. खरी परीक्षा म्हणजे २०१५ ते २०२२ च्या नोंदींवर शिकवणे आणि २०२३ चा हंगाम पूर्ण कोरा ठेवून त्यावर तपासणे. लेखकाने पुस्तकात हे गणित टाळलेले नाही, सोडवून दाखवले आहे. मराठीत ते इतक्या स्वच्छपणे मी प्रथमच वाचतो आहे.

२०२३ चे नाव सहज घेतले नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत देशाचे सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वाधिक होते, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात गोव्यात सत्तरीतल्या म्हादई अभयारण्यात एकामागून एक आगी लागल्या. नौदलाच्या आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी ओतले. पश्चिम घाटाचे दमट जंगल सहसा पेटत नाही, या भरवशावर आपण निवांत असतो. पण अशा जंगलात पाचोळ्याचा जाड थर असतो, आणि तो एकदा खोलवर सुकला की आग तळातून धुमसत राहते, वरून दिसत नाही, विझल्यासारखी वाटून पुन्हा उठते. कॅनडाच्या गणितातला तो संथ, खोल आकडा आपल्याकडे कुठे लागू पडत असेल तर तो इथे, गोवा-कोकणच्या सड्याखालच्या रानांत, विदर्भात नाही. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर तिसराच प्रकार. तिथे गवत, वारा आणि चढ हेच सगळे. उतार दर दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरावर वीसहून अधिक जणांचे प्राण घेणारी आग अशाच सुक्या गवताच्या उतारावरची होती. त्याच महिन्यात, तशाच गवतातून, पुण्या-मुंबईची शेकडो मुले दर शनिवार-रविवार गड चढत असतात. उतार उपग्रहाच्या उंचीच्या नकाशातून अचूक मिळतो, गवताचा वाळकेपणा हरितता निर्देशांकातून इथे खरोखरच कळतो, वारा अंदाजातून मिळतो. तेव्हा निदान या एका प्रकारासाठी तालुकानिहाय धोक्याची सूचना आजच देता येईल, आणि ती गिर्यारोहकांपर्यंत पोहोचायला हवी. याला उशीर होतो आहे याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे. या सर्व गणितांना ताळ्यावर ठेवणारी एकच गोष्ट आहे आणि ती आपण मोजत नाही: प्रत्यक्ष पाचोळ्यातले पाणी. ते मोजायला रॉकेट लागत नाही. दुपारी दोनला ठरलेल्या जागेवरून पाचोळा गोळा करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचा, लगेच वजन करायचे, १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये चोवीस तास ठेवून पुन्हा वजन करायचे. आधी ११२ ग्रॅम भरला आणि नंतर १०० ग्रॅम, तर ओलावा १२ टक्के. डबा, तराजू, ओव्हन. कोणत्याही तालुक्याच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे सारे असते. साग, बांबू, मिश्र पानझड, गवत आणि सदाहरित अशा पाच प्रकारच्या जंगलांत, प्रत्येकी दोन-तीन जागी, फेब्रुवारी ते जून रोज, अशी पाच हंगामांची नोंद झाली तर कॅनडाचा आकडा आपल्याकडे किती चुकतो, कुठे चुकतो आणि कोणत्या महिन्यात चुकतो हे हातात येईल. राइट यांनी १९२५ मध्ये हेच केले होते, तेव्हा एकही उपग्रह नव्हता. आपल्याकडे उपग्रहांच्या नोंदी पंचवीस वर्षांच्या आहेत आणि पाचोळ्याच्या जवळपास नाहीत. पुस्तकाच्या शेवटच्या भागात नोंदीचे तक्ते दिले आहेत, जागा कशी निवडायची, पाऊस पडून गेल्यावर काय करायचे, दव असताना पाने कधी उचलू नयेत, हे सगळे आहे. वनशास्त्राच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनी हा भाग आधी वाचावा.

आणि अंदाज झाल्यावर तो सांगायचा कसा? ‘निर्देशांक ३८, श्रेणी अति उच्च’ असा संदेश बीटावर गेला तर वनरक्षक तो वाचून पुढे सरकवतो. त्यात करायचे काय हे नसते. त्याला हवे असते ते असे: उद्यापासून तीन दिवस दुपारी बारा ते पाच वारा पश्चिमेचा, कक्ष अमुक आणि तमुकमधला बांबू सर्वांत कोरडा, मोहाखाली जाळणे या तीन दिवसांत पूर्ण बंद ठेवा, ब्लोअरची तुकडी अकरा वाजता जाळरेषेवर हजर पाहिजे. हेच ग्रामसभेला सांगताना माडियात किंवा गोंडीत, आणि मोह वेचणाऱ्या बायका ज्या वेळी निघतात त्या पहाटेच्या आधी, आदल्या संध्याकाळी पोहोचले पाहिजे.